एकशेसदतीसावा पत्ता

रायबंदरहून सुटलेली फेरीबोट चोडणला टेकते
तेव्हा मी संघाच्या खोलीत खाजनांची यादी करत असते.
एका ओळीत एक पत्ता, मग त्याची तारीख.
वाचायला कंटाळवाणी. पण ती माणसांसाठी नाहीच.

"मग कुणासाठी?" इनासबाब चष्मा कपाळावर चढवतात.
एकेचाळीस वर्षं त्यांनी बांधांचं दफ्तर राखलं.
मानशीची कुठली फळी कधी कुजली,
कुठल्या खेकड्यानं कुठल्या भरतीला भोक पाडलं,
सगळं निळ्या शाईत, उजवीकडे झुकलेलं.

मी सांगते, शोधणारा एक कोळी असतो.
अपरात्री येतो. एका पानावरून दुसऱ्या पानावर
धाग्यानं जातो. धागा संपला की परततो.
"रेंदेर आमचा," ते म्हणतात,
"खूण घातलेल्याच माडावर चढणारा."
मला याहून बरं सांगता आलं नसतं.

प्रत्येक शेताला एक पान आहे आता.
कोरगुट कधी पेरलं, मीठ किती चढलं,
मानस कुणाच्या पाळीला.
(आमच्याकडे मानस म्हणजे पाण्याचं दार.
भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं.
मनाचं तसं नसतं, पण शब्द एकच.)

यादी लांब व्हायला लागली तशी मला हाव सुटली.
सगळ्यांना आजचीच तारीख घालू का?
बदल दिसला की कोळी पुन्हा येतो म्हणतात.
इनासबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं
की मी बोट बटणावरून उचललं.
"एक तारीख खोटी घातली
की बाकीच्या खऱ्यांनाही कोण विचारतो, बाय?"
संगणकाच्या वर्गात हेच शिकवायला
आमच्या सरांनी तीन तास घेतले होते.

एकशेछत्तीसला मी थांबले.
ते थांबले नाहीत. "आणि व्हंकलेमेर?"

व्हंकल म्हणजे नवरी, मेर म्हणजे बांध.
बांध फुटला त्या रात्री मी जन्मलेही नव्हते.
खारं पाणी आत आलं ते गेलंच नाही,
चिपीची झाडं वाढली, पायवाट बुडाली.
तिचंही पान होतं, मीच कधीतरी केलेलं.
एक फोटो, दोन ओळी.
पण 'पिकाखालची शेतं' उघडा, तिथं ती नाही.
'पडीक' उघडा, तिथंही नाही.
कुठूनच धागा जात नव्हता तिच्याकडे.
पान होतं. नुसतंच होतं.

मी पत्ता लिहिला. तारखेपाशी अडले.
बांध फुटल्याची घालू?
ती शेताची तारीख, पानाची नव्हे.
पानाला तर मी तीन वर्षांत हात लावला नव्हता.

इनासबाब खुर्ची ओढून बसले.
"लिही मग काहीतरी, बदल होऊ दे."
आणि सांगत गेले, डोळे मिटून,
एकेक कुणगा, त्याच्या कोपऱ्यातला दगड,
पूर्वेच्या टोकाला आपल्या आईनं
ओल्या चिखलात हरवलेली चांदीची आंगठी,
जी अजून तिथंच असणार,
कारण पाण्यानं आणखी कुठं न्यायची ती.
मी टाईप करत राहिले.
शेवटची फेरीबोट चुकली.
तारीख आजची पडली, आणि खरी पडली.

अकराव्या दिवशी अहवाल आला.
एकशेछत्तीस पानं नोंदली.
एकापुढे लिहिलं होतं:
सापडलं, अजून नोंदलेलं नाही.

मी समजावू लागले, की यादी म्हणजे आवतण,
यायचं की नाही ते पाहुण्याच्या मनावर,
आठवडा लागेल, कदाचित वर्ष,
कदाचित...
ते ऐकत नव्हते.
त्यांनी जुनं दफ्तर काढलं होतं,
व्हंकलेमेरचं पान, जिथं शेवटची ओळ
बांध फुटल्याची, आणि खाली सगळं कोरं.

टाकाला शाई येईना. झटकली, जमिनीवर थेंब पडला.
मग लिहिलं, तसंच उजवीकडे झुकलेलं:
सापडलं. नोंद बाकी.
आणि दफ्तर मिटलं नाही,
शाई वाळेपर्यंत खिडकीत उघडं ठेवलं.